घराभोवतीचा गोंगाट: शरीर कसे जपावे, नोंद कशी ठेवावी, तक्रार कशी करावी

धूर डोळ्यांना दिसतो आणि भिंतीवर काजळी ठेवतो. सांडपाण्याला वास येतो, त्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवता येतो. आवाज मात्र थांबला की मागे काहीही उरत नाही. रात्री साडेबारापर्यंत ज्याने खिडकीची तावदाने थरथरताना ऐकली, तो माणूस सकाळी पोलीस ठाण्यात गेला तर त्याच्याजवळ दाखवायला जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांपलीकडे काही नसते. ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारी बहुतेक वेळा कायद्याच्या उणिवेमुळे फसत नाहीत. “फार त्रास होतो हो” या वाक्याच्या पुढे त्या जात नाहीत, म्हणून त्या फसतात. त्यामुळे या लेखात सर्वांत जास्त महत्त्व नोंदवहीला दिले आहे. कान, झोप, खिडक्या आणि कायदा यांविषयीचे बाकीचे विवेचन त्या वहीच्या आधाराने वाचावे.

आधी शरीर: गोंगाट नेमके काय करतो

आंतरकर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्या आत सुमारे १५ ते १६ हजार सूक्ष्म रोमपेशी ओळीने बसलेल्या असतात. ध्वनिलहरींनी या पेशींवरील केसांसारखे तंतू वाकतात, त्यातून विद्युत संदेश तयार होतो आणि तो मेंदूकडे जातो. आवाज फार मोठा असेल किंवा फार वेळ चालला तर या पेशी थकतात आणि पुढे मरतात. पक्ष्यांमध्ये अशा मेलेल्या पेशींच्या जागी नव्या उगवतात. कोंबडीला जे साधते ते माणसाला साधत नाही, आणि म्हणून गोंगाटाने आलेला बहिरेपणा औषधाने उलटवता येत नाही.

विसर्जन मिरवणुकीहून घरी आल्यावर कानाला दडे बसल्यासारखे वाटते, बारीक शिट्टी वाजत राहते आणि सकाळपर्यंत सगळे पूर्ववत होते, हा अनुभव बहुतेकांना आहे. सकाळी बरे वाटले म्हणजे काही बिघडले नाही, अशी आपली समजूत असते. २००९ साली शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगाने ती समजूत डळमळीत केली. त्या उंदरांची श्रवणक्षमता चाचणीत पूर्ववत झाली होती आणि रोमपेशीही शाबूत होत्या, परंतु रोमपेशी व श्रवणतंतू यांना जोडणाऱ्या चेतासंधींपैकी फार मोठा वाटा कायमचा नष्ट झाला होता. माणसात हे नुकसान किती होते याचा अभ्यास अजून चालू आहे. तरीही दडे बसणे हा शरीराने दिलेला इशारा आहे आणि तो दरवर्षी पुन:पुन्हा घेऊ नये, एवढा निष्कर्ष व्यवहारासाठी पुरेसा आहे.

गोंगाटाचा पहिला घाव साधारणपणे ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांवर बसतो. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख या उंच पट्ट्यावर बरीचशी अवलंबून असते. त्यामुळे अशा माणसाला बोललेले ऐकू येते पण समजत नाही; लग्नाच्या गर्दीत तो नुसताच हसून मान डोलावतो आणि घरचे त्याला विसरभोळा समजू लागतात.

किती आवाज किती वेळ सोसावा याचा सर्वाधिक वापरला जाणारा हिशेब अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेचा आहे. ८५ डेसिबल आवाजात ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला केवळ १५ मिनिटे. डेसिबलची पट्टी फूटपट्टीसारखी सरळ नसते. ३ डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली, असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडील कारखान्यांसाठीचे नियम ८ तासांना ९० डेसिबलपर्यंत सूट देतात. मी तो आकडा कायद्याच्या हिशेबासाठी वापरतो, कानाच्या हिशेबासाठी नाही.

मात्र घराभोवतीच्या गोंगाटाचे मोठे नुकसान कानात होतच नाही. ते हृदयात आणि झोपेत होते. झोपेत डोळे मिटलेले असले तरी कान मिटत नाहीत. रस्त्यावरून कर्कश हॉर्न गेला की जाग न येताही नाडी वाढते, रक्तदाब क्षणभर चढतो, ताणाची संप्रेरके स्रवतात आणि गाढ झोप उथळ होते. “आम्हाला सवय झाली आहे” असे महामार्गालगत राहणारे लोक म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. मनाला सवय होते. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना ती पूर्णपणे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या पाठीशी जो आढावा होता, त्यात रस्त्यावरील वाहतुकीचा आवाज दर १० डेसिबलने वाढला की हृदयाला रक्तपुरवठा कमी पडण्याच्या विकारांचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, असे आढळले. त्याच तत्त्वांमध्ये वाहतुकीचा रात्रीचा आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या आत असावा, अशी शिफारस आहे. शयनगृहाच्या आत ३० डेसिबल ही मर्यादा संघटनेने १९९९ मध्येच सुचवली होती.

मुलांवर होणारा परिणाम सर्वांत स्वच्छपणे म्युनिकमध्ये दिसला. १९९२ साली तेथील जुना विमानतळ बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांची आधी व नंतर चाचणी घेतली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि दीर्घकालीन स्मरण सुधारले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे खालावले. नुकसान झाले आणि शांतता मिळाल्यावर ते बरेचसे भरूनही निघाले, या दोन्ही गोष्टी पालकांनी ध्यानात घ्याव्यात, कारण दुसऱ्या गोष्टीमुळे तक्रारीसाठी केलेली खटपट सार्थ ठरते.

पायरी पहिली: वही उघडा

शंभर पानी साधी वही पुरेशी आहे. मोबाइलमध्येही नोंद ठेवता येईल, परंतु हाताने लिहिलेली, तारीखवार, पान न फाडलेली वही अधिकाऱ्यासमोर ठेवताना जास्त वजनदार ठरते, असे माझे मत आहे. प्रत्येक नोंदीत तारीख, आवाज सुरू व बंद झाल्याची वेळ, त्याचा स्रोत, अंदाजे अंतर, तुम्ही कोणत्या खोलीत होता, खिडकी उघडी होती की बंद, मोजलेला आकडा आणि त्यानंतर काय केले, एवढे असावे. विशेषणे टाळावीत. नोंदीचा नमुना असा:

“रात्री १०.४० ते १२.१५. मागील गल्लीतील मंडपात दोन ध्वनिक्षेपक, अंतर अंदाजे ४० मीटर. शयनगृह, खिडकी उघडी: १०.५० वाजता ७१, ११.३० वाजता ७४. खिडकी बंद: ५८. ११.०५ वाजता ११२ क्रमांकावर दूरध्वनी केला. ११.४० वाजता गस्तीची गाडी आली, आवाज उतरला. १० मिनिटांनी पुन्हा चढला. आई (वय ७३) रात्री तीन वेळा उठली, सकाळचा रक्तदाब १५८/९४.”

शेवटचे वाक्य अनेकजण लिहीत नाहीत. ते अवश्य लिहावे. घरात रक्तदाब मोजण्याचे यंत्र असेल तर गोंगाटाच्या आणि शांत रात्रींनंतरच्या सकाळी, एकाच वेळी, पाच मिनिटे बसल्यानंतर मोजलेले आकडे लिहून ठेवावेत. एका घरातील आकड्यांनी काही सिद्ध होत नाही, पण डॉक्टरांना औषधाची मात्रा ठरवताना त्यांचा उपयोग होतो आणि अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आवाजाच्या पलीकडे एक म्हातारे माणूस दिसते.

दोन आठवडे अशी नोंद ठेवली की एक अनपेक्षित गोष्ट घडते. ज्या आवाजाला आपण दोष देत होतो तो कधीकधी मुख्य गुन्हेगार नसतो. मी स्वतः वही सुरू केली तेव्हा समोरच्या सभागृहातील लग्नसमारंभांवर माझा राग होता. दोन आठवड्यांच्या नोंदीत लग्ने चारच निघाली, आणि पहाटे साडेचारला सुरू होणारा आमच्याच इमारतीचा पाण्याचा पंप चौदाही दिवस निघाला. पंपाखाली रबरी पॅड बसवून आणि वेळ सहानंतरची करून तो प्रश्न सुटला, त्यासाठी कोणाकडेही तक्रार करावी लागली नाही.

पायरी दुसरी: आकडा कसा घ्यावा

मोबाइलवरील डेसिबल मोजणारे ॲप पुराव्यासाठी अपुरे असते, पण दिशा कळण्यासाठी पुरेसे असते. मोबाइलचा मायक्रोफोन माणसाचे बोलणे टिपण्यासाठी बनवलेला असतो. फार मोठ्या आवाजात तो गुदमरतो आणि खोल घुमारा तो पुरेसा पकडत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये कंपनीगणिक फरक पडतो. आयफोनसाठी वर उल्लेखलेल्या अमेरिकी संस्थेने स्वतः तयार केलेले मोफत ॲप आहे आणि ते तुलनेने भरवशाचे आहे. सोसायटीने वर्गणी काढून एक साधे हातात धरायचे ध्वनिमापक यंत्र घेतले तर उत्तमच.

मोजताना फोन छातीच्या उंचीवर, हात लांब करून धरावा. भिंतीपासून किमान एक मीटर दूर उभे राहावे, कारण भिंतीवरून परतणारा आवाज आकडा फुगवतो. मायक्रोफोनवर बोट किंवा कव्हर येऊ देऊ नये. वारा जोराचा असेल तर बाल्कनीत मोजू नये. एकच उसळी टिपून “शंभरच्या वर गेला” असे लिहिण्याऐवजी सलग पाच मिनिटांची सरासरी घ्यावी. ॲपमध्ये ती एल-ईक्यू या नावाने दिसते आणि नियमांतील मर्यादाही याच सरासरीत दिलेल्या आहेत. ही सरासरी साधी बेरीज-भागाकाराची नसते, ऊर्जेची असते. एका मिनिटात ५९ सेकंद ५० डेसिबल आणि केवळ एक सेकंद ९० डेसिबल असेल, तर त्या मिनिटाची सरासरी ५१ नव्हे, सुमारे ७२ येते. एखादाच फटाका किंवा फोडलेल्या सायलेन्सरची एकच मोटारसायकल संपूर्ण गल्लीची रात्र कशी बिघडवते, ते या गणितातून कळते.

आवाज बंद झाल्यावर पुन्हा पाच मिनिटे मोजायला विसरू नये. स्रोत चालू असताना ७२ आणि बंद झाल्यावर ४८, या दोन आकड्यांतील अंतर हाच तुमचा सर्वांत मजबूत मुद्दा असतो. “रस्त्याचाच आवाज असेल” हे उत्तर त्याने बंद होते.

आणखी एक बारकावा डीजेच्या बाबतीत. डीजेला सातारा-कोल्हापूरकडे सरसकट “डॉल्बी” म्हणतात. यंत्रावरील ‘ए’ ही भारित पट्टी माणसाच्या कानाच्या संवेदनेप्रमाणे खालचे स्वर कमी मोजते. परंतु डीजेचा सगळा जोर त्या खालच्या स्वरांतच असतो, म्हणूनच छातीत धडधडते आणि पत्रे वाजतात. नियमातील मर्यादा ‘ए’ पट्टीवर आहेत, म्हणून मुख्य नोंद तिचीच करावी. शक्य असल्यास शेजारी, खालचे स्वर फारसे न कापणाऱ्या ‘सी’ पट्टीचाही आकडा लिहावा. दोहोंत १५ ते २० डेसिबलचा फरक आला तर खिडकी बंद करून उपयोग का होत नाही, याचे उत्तर तिथेच मिळते, कारण खोल स्वर काचेला आणि पातळ भिंतीला फारसे जुमानत नाहीत.

पायरी तिसरी: आकडा कशाशी ताडावा

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हा मुख्य आधार आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ व ५५, औद्योगिक भागात ७५ व ७०, आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० ही मर्यादा आहे.

सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपक लावला असेल तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत हवा. निवासी भागात दिवसा हा आकडा ६५ होतो. खासगी जागेतील संगीतयंत्रणेला हद्दीवर केवळ ५ डेसिबलची सवलत आहे. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० नंतर बंदिस्त सभागृहे किंवा सार्वजनिक आणीबाणी वगळता तो लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून एकूण १५ दिवसांपर्यंत सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी ही वेळ मध्यरात्री १२ पर्यंत वाढवू शकते. येथे नेहमी गफलत होते: वाढते ती वेळ, डेसिबलची मर्यादा नव्हे. अनंत चतुर्दशीला १२ पर्यंत वाजवण्याची मुभा असली तरी कितीही मोठ्याने वाजवण्याची मुभा कोणत्याही आदेशात नसते.

शांतता क्षेत्राबद्दलही सावध राहावे. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर अशी त्याची ओळख सर्वांना पाठ आहे. परंतु ऑगस्ट २०१७ मधील दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसे विशेष अधिसूचित केल्याखेरीज तो भाग शांतता क्षेत्र मानला जात नाही. ही दुरुस्ती मला पटलेली नाही, पण अर्ज लिहिताना आपल्या पटण्याला किंमत नसते. आधी अधिसूचना आहे का ते विचारावे, नसेल तर निवासी मर्यादेवर तक्रार उभी करावी.

याशिवाय रात्री निवासी भागात हॉर्न, आवाज करणारी बांधकाम यंत्रे आणि आवाजाचे फटाके यांवर बंदी आहे. जनरेटरच्या बाबतीत, १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरचा आवाज आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत असावा लागतो.

पायरी चौथी: तक्रारीचा निकाल लागेपर्यंत घर आणि कान

आवाज पाण्यासारखा असतो, सर्वांत कमकुवत फटीतून आत येतो. ४० डेसिबल अडवणाऱ्या भिंतीत केवळ १ टक्का जागा उघडी राहिली तरी ती भिंत जेमतेम २० डेसिबल अडवते. म्हणून महागड्या काचेआधी खिडकीच्या चौकटीभोवतीच्या भेगा, एक्झॉस्ट पंख्याचे भोक, दाराखालची फट आणि एसीच्या नळीभोवतीची पोकळी बुजवावी. आपल्याकडील सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या या दृष्टीने अगदीच कच्च्या असतात, कारण पट्टीतील मोकळी जागा कधीच पूर्ण मिटत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर आतून दुसरी, बिजागरीची, रबरी पट्टी असलेली खिडकी बसवावी आणि दोन्ही काचांत हातभर नसले तरी वीतभर अंतर ठेवावे. जाड पडद्यांनी खोलीतील घुमणे कमी होते, बाहेरचा आवाज फारसा अडत नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा उद्योग कोणी करू नये. त्याने आवाज अडत नाही, झुरळांची मात्र सोय होते.

पलंग रस्त्याच्या बाजूच्या खोलीतून मागच्या खोलीत नेणे हा फुकटचा आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. घरातील सर्वांत दुबळ्या झोपेचे माणूस, म्हणजे तान्हे मूल, आजारी किंवा वृद्ध, त्यांना ती खोली द्यावी.

कानात घालायचे फोमचे बोळे स्वस्त असतात, पण बहुतेक लोक ते चुकीचे घालतात. बोळा बोटांनी सुतळीसारखा बारीक वळावा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर व मागे ओढावा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावा. पाकिटावर लिहिलेला ३३ चा आकडा प्रयोगशाळेतील असतो. प्रत्यक्षात १० ते १५ डेसिबल कमी झाले तरी समाधान मानावे. कापसाच्या बोळ्याने जवळपास काहीच होत नाही. लहान मुलांच्या कानात बोळे घालू नयेत. मिरवणुकीला न्यायचेच असेल तर कानावर बसणारी आवरणे वापरावीत आणि ध्वनिक्षेपकापासून दूर उभे राहावे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की एकाच स्रोताचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ११० असेल तर आठ मीटरवर ९२ होतो. मात्र पेठेतील अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परतवतात आणि हे गणित तितके उदार राहत नाही.

ढोल-ताशा पथकातील मुलामुलींना वेगळे सांगावेसे वाटते. उत्सवाचे दहा दिवस हा तुमचा खरा धोका नाही. त्याआधी आठवडेच्या आठवडे रोज संध्याकाळी चालणारा सराव हा आहे. वादकांसाठी मिळणारे, ठेका ऐकू येऊ देणारे गाळणीचे बोळे पथकाने एकत्र मागवावेत आणि ताशेवाल्यांनी ते आधी वापरावेत. पथकात येताना एकदा आणि मग दरवर्षी शुद्ध स्वर श्रवणमापन, म्हणजेच ऑडिओमेट्री, करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येणे कमी झाले तर थंडी-सर्दीचा दडा समजून आठवडा घालवू नये. ही कानाची तातडीची स्थिती असते, उपचारांना मिळणारी मुदत थोडी असते, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पोहोचावे.

पायरी पाचवी: आधी बोलणे

बोलायला जाताना वाजणाऱ्या ध्वनिक्षेपकाखाली उभे राहून ओरडू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. मंडळाच्या अध्यक्षांना “बंद करा” म्हटले की श्रद्धेचा प्रश्न उभा राहतो. “ध्वनिक्षेपकाचे तोंड रस्त्याकडे वळवा, खालचे स्वर कमी करा, आणि काका, दहाला बंद करताना एकदा आमच्याकडे बघा” असे म्हटले तर काम होण्याची शक्यता बरीच असते. खालचे स्वर कमी करण्याची विनंती विशेष उपयोगी ठरते, कारण गाणे समोर बसलेल्यांना तसेच ऐकू येते आणि मागच्या गल्लीतला घुमारा मात्र निम्म्यावर येतो. इमारतीतील घरदुरुस्ती, पंप आणि जनरेटर यांसाठी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत वेळांचा ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवावा. बोलणे झाले की त्याचीही नोंद वहीत करावी: कोणाशी, केव्हा, काय ठरले.

पायरी सहावी: लेखी तक्रार आणि तिचा पाठपुरावा

आवाज चालू असताना ११२ वर दूरध्वनी करावा आणि मिळालेला क्रमांक लिहून ठेवावा. नाव सांगण्याची भीती अनेकांना वाटते, आणि ती अनाठायी नाही. कुर्ला-चुनाभट्टी परिसरातील रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या निकालात, पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करावी, असे सांगितले आहे; ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवरील ऑगस्ट २०१६ चा निकाल आणि सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा निकाल हे ध्वनिप्रदूषणाविषयीचे दोन्ही निकालही अर्जात एका ओळीत नमूद करावेत.

दूरध्वनीने रात्र निभते, प्रश्न सुटत नाही. त्यासाठी लेखी अर्ज लागतो. नियमांनुसार प्राधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा नेमून दिलेला, पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जापेक्षा कमी नसलेला अधिकारी. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल वा अधिक असेल, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग होत असेल, तर नियम ७ खाली कोणालाही तक्रार करता येते. कारखाना असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय, बांधकाम असेल तर पोलिसांबरोबर महापालिका, आणि हॉर्न वा फोडलेला सायलेन्सर असेल तर वाहतूक पोलीस. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ फ मध्ये विनाकारण हॉर्नसाठी पहिल्या वेळी १००० व नंतर २००० रुपये दंड आहे.

अर्ज एका पानाचा असावा. पहिल्या परिच्छेदात जागा, स्रोत आणि क्षेत्राचा प्रकार. दुसऱ्यात वहीतील सर्वांत ठळक पाच नोंदी तारीख, वेळ व आकड्यांसह. तिसऱ्यात कोणत्या नियमाचा भंग झाला. आणि चौथ्यात नेमकी मागणी. मागणी “योग्य ती कारवाई करावी” अशी मोघम नसावी. “अमुक तारखेला रात्री १० ते १२ या वेळेत प्रमाणित ध्वनिमापकाने मोजणी करून पंचनामा करावा आणि मंडपासाठी दिलेल्या परवानगीची प्रत मला द्यावी” अशी असावी. तुमच्या मोबाइलच्या आकड्यावर कोणाला दंड होणार नाही. तो आकडा त्यांचे यंत्र बाहेर काढण्यासाठी आहे. एकट्याच्या अर्जापेक्षा पाच घरांच्या सह्यांचा अर्ज बरा, आणि त्यांत एखाद्या घरी रुग्ण असेल तर त्याच्या डॉक्टरांचे पत्र जोडावे. पोचपावतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नये.

पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर त्याच अर्जाची प्रत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे आणि ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर द्यावी. कायमस्वरूपी स्रोत असेल, म्हणजे एखादी गिरणी, कार्यशाळा किंवा मंगल कार्यालयाचा जनरेटर, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा अर्ज करता येतो. हा मार्ग फार कमी लोक वापरतात, वास्तविक रोजच्या त्रासासाठी तो चांगला आहे, कारण त्यात समोरच्याला कारणे दाखवावी लागतात आणि आदेश त्या जागेला चिकटून राहतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम ज्याच्या आधारे केले आहेत त्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालील शिक्षेचे स्वरूपही बदलले आहे: २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड आणला आहे, तेव्हा जुन्या नमुन्यातील “पाच वर्षे कैद” हे वाक्य अर्जात उतरवू नये.

सर्वांत शेवटी माहितीचा अधिकार. १० रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक लावून तीन गोष्टी मागाव्यात: अमुक तारखेच्या तक्रार क्रमांकावर केलेल्या कारवाईची नोंद, त्या दिवशी घेतलेले डेसिबलचे मोजमाप, आणि आयोजकाला दिलेल्या परवानगीची अटींसह प्रत. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. मोजमाप घेतले नसेल तर “उपलब्ध नाही” असे लेखी येते, आणि ते पान पुढच्या वर्षीच्या अर्जाला पहिले जोडपत्र म्हणून लावता येते. पुढचा उत्सव सुरू होण्याच्या एक महिना आधी, मंडपाच्या परवानग्या निघण्यापूर्वी, ते पान आणि वही घेऊन त्याच ठाण्यात जावे.